मराठी कथासाहित्यातील कुमारवय

मराठी कथासाहित्यातील कुमारवय या विषयात बालपण संपून प्रौढपण सुरू होण्याच्या मधल्या काळाचे मराठी कथा-कादंबऱ्यांतून झालेले चित्रण येते. शरीरातील बदल, पहिले प्रेम, घरातील मोठ्या माणसांविषयीचा भ्रमनिरास, मृत्यूची पहिली ओळख आणि समाजातील आपल्या स्थानाची जाणीव हे या चित्रणातील प्रमुख विषय आहेत. हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’पासून मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’पर्यंत अनेक कलाकृतींत हे वय केंद्रस्थानी आहे. मराठवाड्यातील, विशेषतः आजच्या व पूर्वीच्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील लेखकांनी कोरडवाहू शेती व वंचित समाजांतील मुलांच्या कुमारवयाचे चित्रण करून या विषयाला वेगळे परिमाण दिले आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत या वयासाठी ‘कुमारवय’, ‘किशोरावस्था’, ‘पौगंडावस्था’ आणि ‘अडनिडे वय’ असे शब्द वापरले जातात. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या वयोगटाला किशोरवयीन मानते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा काळ वादळी व तणावपूर्ण असल्याचे प्रतिपादन केले. पुढे एरिक एरिक्सन यांनी ‘मी कोण’ या प्रश्नाचा शोध हे या वयाचे मुख्य कार्य मानले.

युरोपीय साहित्यात नायकाच्या घडणीची कथा सांगणाऱ्या कादंबरीला ‘बिल्डुंग्सरोमान’ ही जर्मन संज्ञा रूढ आहे. गटेची विल्हेल्म माइस्टरच्या शिकाऊ वर्षांवरील कादंबरी (१७९५–९६) तिचा आद्य नमुना समजली जाते. अशा कादंबरीत नायक अनुभवांतून शहाणा होतो आणि अखेरीस समाजात आपली जागा मिळवतो. मराठीतील अनेक कुमारवयीन नायकांच्या बाबतीत हा शेवट घडत नाही. समाजाने आपली जागा आधीच ठरवून ठेवली आहे, हे त्यांना कळते. निरागसता लोप पावते ती या कळण्याने.

कुमारांसाठी लिहिलेले साहित्य आणि कुमारवयाविषयीचे साहित्य यांत फरक केला जातो. ना. धों. ताम्हनकर यांचा ‘गोट्या’ किंवा भा. रा. भागवत यांचा ‘फास्टर फेणे’ हे कुमार वाचकांचे नायक आहेत. ते धाडस करतात, संकटातून सुटतात आणि पुढच्या कथेत पुन्हा तसेच, त्याच उत्साहाने अवतरतात. कुमारवयाविषयीच्या कथेत मात्र नायक सुरुवातीला जसा होता तसा शेवटी राहत नाही.

सामाजिक पार्श्वभूमी

बालपण आणि प्रौढपण यांच्या मध्ये काही वर्षांचा मोकळा काळ मिळण्यासाठी विवाह लांबणे आणि शिक्षण चालू राहणे आवश्यक असते. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बहुसंख्य मुलींना हा काळ मिळत नव्हता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे केले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. गोपाळ गणेश आगरकर कायद्याच्या बाजूने आणि बाळ गंगाधर टिळक विरोधात उभे राहिले. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ वर्षे ठरवले. सध्याचा कायदा मुलींसाठी १८ आणि मुलांसाठी २१ वर्षांची अट घालतो.

शिक्षणाची वाटणीही विषम होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि खेड्यांत शाळा विरळ होत्या. या भागासाठी औरंगाबाद येथे विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ मध्ये. त्यामुळे ग्रामीण मराठवाड्यात शाळेत जाणारी पहिली पिढी आणि त्या अनुभवावर लिहिणारी पहिली पिढी बऱ्याच अंशी एकच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली. ही हमी कुमारवयाच्या मध्यावरच संपते.

आरंभीच्या कलाकृती

ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. संमतिवयाच्या कायद्यावर वाद चालू असण्याचा हाच काळ होता. यमुना ही नायिका स्वतःची कथा स्वतः सांगते. माहेरचे बालपण, आईचा मृत्यू, लग्न, सुशिक्षित पतीसह मुंबईत काढलेले थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन असा तिच्या आयुष्याचा क्रम आहे. यमूचे बालपण थेट संसारात संपते. कुमारवय न मिळणे हीच येथे कुमारवयाची कथा ठरते.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना ४२ रात्रींत आपल्या आईच्या आठवणी सांगतो. हे पुस्तक संस्कारकथा म्हणून वाचले जाते. तथापि, त्याचा उत्तरार्ध घराच्या उतरत्या स्थितीची कथा आहे. कर्ज वाढत जाते, सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करतो आणि आईवडिलांची असहायता मुलाच्या लक्षात येते. आईच्या मृत्यूने श्यामचे बालपण संपते.

‘कोसला’ आणि नंतर

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीने कुमारवय व तारुण्य यांच्या सीमेवरील मनाला मराठीत नवी भाषा दिली. खानदेशातील सांगवी या गावचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात महाविद्यालयीन शिक्षणासाठी येतो, तेथे काही वर्षे काढतो आणि रिकाम्या हाताने गावी परततो. धाकटी बहीण मनी हिच्या देवीच्या आजाराने झालेल्या मृत्यूमुळे त्याचा जगण्याच्या अर्थावरील विश्वास ढासळतो. जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीशी तिची तुलना केली जाते. दोन्ही नायकांना मोठ्यांच्या जगातील ढोंगाचा तिटकारा आहे. पांडुरंगाच्या दुराव्यामागे मात्र खेड्यातून शहरात आलेल्या, वडिलांच्या पैशावर शिकणाऱ्या मुलाची अपराधी जाणीवही आहे.

भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) या कादंबरीत मुंबईतील नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांचे जग पोक्या या निवेदकाच्या तोंडून उलगडते. लैंगिक कुतूहल, बढाया आणि बेकारी यांचे तिच्यातील उघड चित्रण अश्लीलतेच्या वादाला कारण ठरले. कुमारवयातून बाहेर पडण्याचा मार्गच न सापडलेली ही मुले आहेत.

ग्रामीण साहित्य आणि धाराशिव परिसर

धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी आणि कळंब हे तालुके बालाघाट डोंगररांगांच्या परिसरात आहेत. हा अवर्षणप्रवण प्रदेश असून शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. भूम परिसरात दुधाचा जोडधंदा मोठा असून तेथील खवा प्रसिद्ध आहे. कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नसल्याने या भागातील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांची शाळा सुटते. गावी राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. थोरल्या मुलीवर धाकट्या भावंडांची जबाबदारी पडते. अशा परिस्थितीत मूल केव्हा मोठे झाले हे वयापेक्षा कामावरून ठरते.

कळंब तालुक्यातील हासेगाव येथे जन्मलेल्या भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा या जगातील निरागसतेच्या भंगाचे ठळक उदाहरण आहे. शेतकरी बाप टोमॅटो घेऊन बाजारात बसतो. त्याचा शाळकरी मुलगा सोबत असतो. भाव कोसळलेला आहे आणि गिऱ्हाईक त्यातही घासाघीस करते. अखेर संतापलेला बाप स्वतः पिकवलेले टोमॅटो पायांखाली तुडवतो. शीर्षकातील लाल चिखल तो हाच.

कथेतील घटनेमागे शेतमालाच्या बाजाराचा साधा व्यवहार आहे. टोमॅटो नाशवंत आहे. साठवणुकीची सोय नसलेल्या शेतकऱ्याला तो तोडणीनंतर लगेच विकावा लागतो. एकाच वेळी सर्वांचा माल बाजारात आला की भाव पडतो आणि उरलेला माल परत नेण्याचे भाडेही परवडत नाही. विकत घेणारा थांबू शकतो, विकणारा थांबू शकत नाही. मुलाला हे कोणी समजावून सांगत नाही. घरात ज्याचा शब्द अखेरचा, तो बाप बाजारात कोणीच नाही, हे त्याला पाहावे लागते. प्रेमभंग किंवा मृत्यू यांपैकी काहीही न घडता एका बाजारात बालपण संपू शकते, हे या कथेने दाखवले.

रा. रं. बोराडे यांचे काटगाव आणि लक्ष्मण गायकवाड यांचे धनेगाव ही गावे आज लातूर जिल्ह्यात आहेत. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात होता. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीत गावातील शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत त्याच्या पत्नीच्या तोंडून, मराठवाडी बोलीत सांगितली आहे. बाप आणि वाढत्या वयाचा मुलगा यांच्यातील दुरावा हा त्या वाताहतीचा भाग आहे. मुलाचे बंड आईच्या नजरेतून दिसत असल्याने दोघांचेही दुःख वाचकापर्यंत पोहोचते.

गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन असून त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ब्रिटिश काळातील कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांपैकी एका जमातीतील मुलाचे शाळेत जाणे हा त्याचा एक महत्त्वाचा विषय आहे. शाळेबाहेर पोलिसांचा संशय आणि जमातीत शिक्षणाला विरोध अशा दुहेरी कोंडीत हा मुलगा वाढतो. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनांतही जातीची जाणीव हीच कुमारवयातील निर्णायक घटना आहे. ही पुस्तके कल्पित साहित्यात मोडत नाहीत. तरी कुमारवयाच्या मराठी चित्रणावरील त्यांचा प्रभाव मोठा आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील कागल येथील आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ असलेला मुलगा आणि त्याला शेतकामाला जुंपू पाहणारा बाप यांच्यातील झटापट तिच्यात आहे. बाप क्रूर आहे आणि त्याची गरजही खरी आहे. मुलगा शाळेत गेला तर शेतातील एक माणूस कमी होतो. नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ (२०१७) या कादंबरीत सांगली जिल्ह्याच्या जत भागातील नाथा याच संघर्षाला तीन दशकांनंतर सामोरा जातो. या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०१८ चा युवा पुरस्कार मिळाला.

लंपन आणि ‘शाळा’

प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांचा नायक लंपन आहे. आईवडिलांपासून दूर, बेळगाव परिसरातील गावात तो आजी-आजोबांकडे वाढतो. कानडी वळणाची मराठी, आगगाडी, तलाव, गाणे आणि मैत्रीण सुमी यांनी त्याचे जग भरलेले आहे. आपल्याला घरापासून दूर का ठेवले, हा प्रश्न त्याच्या मनात तळाशी असतो. मालिकेच्या उत्तरार्धात वडिलांच्या मृत्यूने तो प्रश्न बदलतो. आता घरी परतणे शक्य झाले तरी पूर्वीचे घर उरलेले नसते.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी हा तिचा निवेदक आहे. वर्गातील शिरोडकर या मुलीवरील त्याचे प्रेम, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे मित्र, शिकवण्या, नाक्यावरील गप्पा आणि समजूतदार नरूमामा यांच्याभोवती कथानक फिरते. देशातील दडपणाचे वातावरण आणि शाळेतील शिस्त यांची समांतर मांडणी कादंबरीत आहे. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंदपुढे दहावीचे वर्ष उभे राहते. मध्यमवर्गीय मुलांना शाळेने दिलेला मोकळा काळ नववीच्या अखेरीस संपतो, हे कादंबरीच्या रचनेतूनच सूचित होते.

‘लाल चिखल’मधील मुलगा आणि मुकुंद जोशी शेजारी ठेवले असता कुमारवयाची असमान वाटणी दिसून येते. मुकुंदचे दुःख खाजगी आहे. ते बाळगायला त्याच्याकडे वेळ, मित्र आणि शाळेची भिंत आहे. पहिल्या मुलाचे दुःख भर बाजारात घडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेत समोर असते.

मुलींचे कुमारवय

‘पण लक्षात कोण घेतो?’चा अपवाद वगळता येथे उल्लेखिलेल्या बहुतेक कलाकृतींचे नायक मुलगे आहेत. मुलगी त्यांच्या प्रेमाचा विषय असते, किंवा बहीण म्हणून मरण पावते. तिच्या मनात काय चालले आहे ते निवेदकाला कळत नाही, त्यामुळे वाचकालाही कळत नाही. ‘शाळा’तील शिरोडकर आणि ‘कोसला’तील मनी ही याची दोन उदाहरणे आहेत.

विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकर यांनी लिहिलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहात शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट प्रथमच मोकळेपणाने व्यक्त झाली. मुलीच्या कमाईवर घर चालते म्हणून तिच्या लग्नाचा विषय टाळला जातो, असे वास्तव त्यात आहे. पुस्तकावर गदारोळ झाला आणि टोपणनावामागील लेखिका कोण, याची चर्चा बराच काळ चालली. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘कैरी’ या कथेत मावशीकडे आलेले पोरके मूल तिच्या संसारातील दुःखाचे साक्षीदार होते. मोठ्या स्त्रीच्या आयुष्यात काय चुकले आहे याचा अंदाज मुलाला येतो, पण त्याला त्यात काही बदल करता येत नाही.

निवेदन आणि भाषा

या कलाकृतींतील निवेदनाचे दोन प्रकार दिसतात. पहिल्यात प्रौढ माणूस मागे वळून पाहतो. ‘श्यामची आई’ आणि ‘झोंबी’ यांत घटनेचा अर्थ निवेदकाला आधीच ठाऊक असतो. दुसऱ्यात मूल पाहते तेवढेच सांगितले जाते. लंपन आणि मुकुंद जोशी यांना जे समजत नाही ते वाचकाला समजते, आणि या अंतरातून विनोद व करुणा दोन्ही निर्माण होतात. ‘कोसला’चा निवेदक या दोहोंच्या मध्ये आहे. तो पंचविशीत पोहोचला असला तरी आपल्या भूतकाळाचा अर्थ लावण्याचे नाकारतो.

बोलीचा वापर हे दुसरे वैशिष्ट्य आहे. खानदेशी, मराठवाडी, कोल्हापुरी आणि बेळगावी वळणाच्या मराठीमुळे नायकाचे गाव व वर्ग प्रत्यक्ष सांगावे लागत नाहीत. शाळेत प्रमाण भाषा आणि घरी बोली अशी विभागणी हाही अनेक कथांतील मुलांच्या संकोचाचा विषय आहे.

चित्रपटांतील चित्रण

प्र. के. अत्रे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. सुजय डहाके यांचा ‘शाळा’ हा चित्रपट बोकील यांच्या कादंबरीवर आधारित असून त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच कादंबरीवर ‘गमभन’ हे नाटकही रंगभूमीवर आले. अमोल पालेकर यांनी ‘कैरी’वर चित्रपट केला.

नागराज मंजुळे यांचा ‘फॅण्ड्री’ (२०१३) कोणत्याही कादंबरीवर आधारित नाही, तरी तो याच परंपरेत येतो. कैकाडी समाजातील जब्या हा शाळकरी मुलगा वर्गातील शालूवर प्रेम करतो आणि तिचे मन जिंकण्यासाठी काळ्या चिमणीच्या शोधात फिरतो. गावातील डुकरे पकडण्याचे काम वडिलांबरोबर त्याला वर्गमित्रांच्या डोळ्यांदेखत करावे लागते. शालूही तेथे उभी असते. चित्रपट जब्याने भिरकावलेल्या दगडाने संपतो. ‘शाळा’तील पहिले प्रेम आणि ‘लाल चिखल’मधील भर गर्दीतला अपमान या दोन्ही गोष्टी जब्याच्या वाट्याला एकाच वेळी येतात.

अभ्यासक्रमातील स्थान

यांपैकी अनेक कलाकृती किंवा त्यांतील उतारे शालेय व विद्यापीठीय अभ्यासक्रमांत समाविष्ट झाले आहेत. ‘लाल चिखल’ शालेय पाठ्यपुस्तकातून शिकवली गेली आहे. कथेतील मुलाच्या वयाचे विद्यार्थीच ती वर्गात वाचतात. त्यांपैकी काहींच्या घरचा माल त्याच आठवड्यात बाजारात गेलेला असतो. अशा वर्गात या कथेचा अर्थ विद्यार्थ्याला शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असू शकतो.